शटरच्या बाजूला

शहराचं नाव सांगता येत नाही, करारावर सही केलीय.
एवढं चालेल: जपान. जमिनीखाली चार मजले,
तीन मेट्रो मार्ग एकमेकांना छेदतात,
बाहेर पडायला एकवीस वाटा.
एकवीसही मला पाठ आहेत.
सातव्या वाटेला चौतीस पायऱ्या, मग वळण,
वळणावर छत्र्यांचं दुकान, त्यापुढे नऊ.
वर काय आहे, ठाऊक नाही.
आमचं काम जमिनीपाशी संपतं.

तिकडे नऊ वाजतात तेव्हा महापेत साडेपाच.
कंपनीची गाडी मला गोठिवलीच्या कमानीपाशी उचलते,
रस्त्यावर कुत्री आणि दूधवाले,
आणि उजाडायच्या आत मी चौथ्या तळात असते,
भिंती सरळ करत.

या महिन्यात आग लावायची होती.
संगणकातली. कॉफीच्या टपरीतून धूर,
फलाटांवर चार हजार दोनशे ठिपके सोडायचे
आणि किती वेळात निघतात ते मोजायचं.
निळे नोकरदार. पिवळे लेकुरवाळे.
पांढरे सत्तरीपुढचे, त्यांची चाल मुद्दाम संथ.
सहा मिनिटं अकरा सेकंदांत स्टेशन रिकामं,
एक पांढरा सोडून.
तेविसाव्या खांबापाशी, खाली आलेल्या शटरसमोर
तो जागच्या जागी थरथरत राहिला.

पुन्हा आग लावली. पुन्हा तोच.
शेजारचा रेजी कुरियन म्हणाला, वेग वाढव ना त्याचा,
कोण बघतंय?
सुटला असता.
मी फाइल तशीच ठेवून डबा उघडला.
तांदळाची भाकर, सुकट. बंद केला.

मग सकाकिबारा-सानना लिहिलं,
माझ्या मोडक्या, नको तितक्या नम्र जपानीत:
शटर तीन मिनिटांनी पडतं. एक माणूस आत राहतो.
ठिपका लिहायचं होतं.

उत्तर दुपारी आलं.
शटरच्या बाजूला एक लहान दार आहे.
स्टेशन बांधलं तेव्हापासून आहे. नकाशात कुणी काढलं नाही.
आज घरी जाताना मोजतो.
दुसऱ्या दिवशी फोटो: राखाडी भिंतीत राखाडी दार,
रुंदी साडेसातशे मिलिमीटर, उंबरठा मात्र उंच,
चौकटीला लावलेली टेप,
टेप धरलेला अंगठा, नखावर काळा डाग.
दोन वर्षांत त्या स्टेशनात
मला दिसलेलं पहिलं माणूस.

दार काढलं. आग लावली.
पांढरा ठिपका सरकत आला,
उंबरठ्याशी अडला,
अडलाच,
गेला.
सात मिनिटं चार सेकंद. अहवालात तेवढंच.

घरी बाबांना सांगितलं, गुडघे शेकता शेकता.
सिडको यायच्या आधी
खाडीच्या बांधावरची उघाडी आमच्या घराकडे होती.
भरतीला फळी टाकायची, ओहोटीला काढायची,
मग ती रात्री दोनला असो.
आजोबांनी आजारपणात ते काम बाबांवर टाकलं
तेव्हा त्यांना मिसरूडही नव्हतं.
शेतं गेली, बांध गेला, तिथे आता आठ पदरी रस्ता;
बाबा अजूनही मध्येच उठून बसतात
आणि पंचांग न बघता सांगतात, पाणी चढलं.

जपान, ठिपके, धूर. ऐकताहेत की डोळा लागलाय, कळेना.
गरम पाण्याची पिशवी बदलली, दिवा मालवला,
तेव्हा अंधारातून म्हणाले:
"त्या दाराला करी कंच्या अंगाला हाय गो?
आतून का भायेरून?"

नकाशात कडी काढत नाहीत.
फोटोत त्या जागी अंगठा आला होता.

आज पाच पस्तीसला एवढंच लिहून पाठवलं.
महापे अजून काळोखात, बाहेर जनरेटर घुमतोय,
रेजी विचारतोय, ती फाइल पाठवली का?
थांब, म्हटलं.
तिकडे नऊ वाजून पाच.
सकाकिबारा-सान बहुतेक उतरत असतील:
आधी नऊ पायऱ्या,
छत्र्यांचं दुकान,
मग चौतीस.